बेंझॉइन ते क्विनॉक्झालिन : ऑक्सिडीकरण कुठे करायचे आणि वलय कुठे जुळवायचे

पदव्युत्तर वर्गाला दोन टप्प्यांचे संश्लेषण करायला देताना बेंझॉइनपासून बेंझिल आणि बेंझिलपासून २,३-डायफिनाइलक्विनॉक्झालिन (दोन नायट्रोजन असलेल्या वलयाचे संयुग) ही जोडी फार सोयीची पडते, कारण तिच्यात एक टप्पा निव्वळ ऑक्सिडीकरणाचा आहे, दुसरा निव्वळ वलयनिर्मितीचा आहे आणि दोन्ही टप्पे साध्या काचसामानावर एका दिवसात उरकतात. सांगली किंवा सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जे सहज उपलब्ध असते, तेवढ्यावरच हा प्रयोग बेतलेला आहे. मात्र चंबू हातात घेण्यापूर्वी विद्यार्थ्याने हायड्रोजनचा हिशेब कागदावर मांडलाच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. कोणत्या टप्प्यावर रेणूतून दोन हायड्रोजन कायमचे जायचे आहेत आणि कोणत्या टप्प्यावर केवळ पाणी बाहेर पडायचे आहे, हे ठरल्याशिवाय ऑक्सिडीकारकाची निवड करणे म्हणजे अंदाजाने काम करणे होय.

हा हिशेब अवघड नाही. बेंझाल्डिहाइडचे दोन रेणू जोडले गेले की बेंझॉइन तयार होते. त्यात एकही अणू कमी-जास्त होत नाही, म्हणून थायामिन (जीवनसत्त्व ब१) उत्प्रेरक म्हणून वापरून केलेल्या या पहिल्या जोडणीला ऑक्सिडीकारक लागत नाही. बेंझॉइनमध्ये १२ हायड्रोजन असतात आणि बेंझिलमध्ये १०, त्यामुळे इथे दोन हायड्रोजन, म्हणजेच दोन इलेक्ट्रॉन, कुणीतरी उचलावे लागतात. पुढे बेंझिल आणि ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन एकत्र आले की पाण्याचे दोन रेणू बाहेर पडतात आणि सहा अणूंचे वलय जुळते. या टप्प्यात ऑक्सिडीकरणाला काहीही काम नाही. उलट तिथे चुकून ऑक्सिडीकारक शिल्लक राहिला तर तो डायअमाइनवर तुटून पडतो, आणि या प्रयोगात बहुतेक वेळा बिघडते ते नेमके तिथेच. वलय जुळणे सोपे आहे, पहिल्या टप्प्याची सांडलवंड दुसऱ्यात जाऊ न देणे हे खरे काम आहे.

ऑक्सिडीकारकाची निवड

बेंझॉइनचे बेंझिल करण्याचे तीन मार्ग शिक्षकांना परिचित असतात. संहत नायट्रिक आम्लाचा मार्ग झटपट आहे : ४ ग्रॅम बेंझॉइनला १४ मिलिलिटर आम्ल घालून उकळत्या पाण्याच्या बाथवर दहा-बारा मिनिटे ठेवले की काम होते. परंतु नायट्रोजन डायऑक्साइडचे तांबूस धूर इतके निघतात की चालू स्थितीतला हूड (धूर ओढून घेणारे कपाट) नसेल तर हा मार्ग धरूच नये. शिवाय आम्लाचा अंश राहिलेले कच्चे बेंझिल स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) गरम करणे धोक्याचे आहे. दुसरा मार्ग १९४८ साली प्रसिद्ध झालेला, ताम्र ॲसिटेट आणि अमोनियम नायट्रेटचा. त्यात ताम्र चिमूटभरच लागते, कारण बेंझॉइनने क्षपण केलेल्या (म्हणजे इलेक्ट्रॉन दिलेल्या) ताम्राला नायट्रेट पुन्हा मूळ अवस्थेत आणते, आणि तयार झालेले अमोनियम नायट्राइट तापल्यावर नायट्रोजन वायू आणि पाणी होऊन निघून जाते. शिकवण्यासाठी ही यंत्रणा फारच देखणी आहे. मात्र अमोनियम नायट्रेटची खरेदी व साठा आता २०१२ च्या अमोनियम नायट्रेट नियमांखाली येतो, तेव्हा लहान महाविद्यालयाने तेवढ्यासाठी कागदपत्रांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

राहतो तिसरा मार्ग, फेरिक क्लोराइडचा. तो अणूंची उधळपट्टी करणारा आहे, कारण बेंझॉइनच्या एका रेणूमागे लोहाचे दोन आयन खर्ची पडतात. पण तो थंड डोक्याने चालतो, विषारी धूर देत नाही आणि बाटली प्रत्येक प्रयोगशाळेत असते. पुढील कृती त्याचीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. सजल (स्फटिकात पाणी असलेले) फेरिक क्लोराइड ओलावा ओढून घेते. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वर, पाटण, कोयनानगर या पट्ट्यात बाटली नीट बंद नसेल तर आतला पिवळा ऐवज अक्षरशः चिखल होतो. अशा चिखलाचे ९ ग्रॅम म्हणजे या मिठाचे, म्हणजे फेरिक क्लोराइडचे, ९ ग्रॅम नव्हेत. कृतीत गरजेपेक्षा बरेच जास्त मीठ घेतलेले असते (१० मिलिमोल बेंझॉइनला २० मिलिमोल पुरे, आपण सुमारे ३३ घेतो), त्यामुळे थोडा ओलावा खपून जातो. बाटलीत वर पाणी तरंगत असेल तर मात्र ती बदलावी.

बेंझिलची कृती

१०० मिलिलिटरच्या गोलबुडी चंबूत १० मिलिलिटर ग्लेशियल (जवळजवळ निर्जल) ॲसेटिक आम्ल, ५ मिलिलिटर पाणी आणि ९ ग्रॅम सजल फेरिक क्लोराइड घ्यावे, दोन-तीन पॉर्सेलिनचे तुकडे टाकावेत आणि उभा कंडेन्सर लावून मिश्रण उकळू द्यावे. ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १६.६ अंश सेल्सियसला गोठते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत साताऱ्याच्या पहाटेनंतर बाटली घट्ट झालेली आढळली तर ती कोमट पाण्यात बसवून सावकाश वितळवावी. बर्नरजवळ नेऊ नये.

मीठ पूर्ण विरघळले आणि उकळी आली की ज्योत काढून घ्यावी, उकळी थांबू द्यावी आणि मगच २.१२ ग्रॅम बेंझॉइन कंडेन्सर बाजूला करून आत टाकावे. उकळत्या द्रावणात कोरडी भुकटी टाकली तर ते एकदम उसळते. त्यानंतर पुन्हा कंडेन्सर लावून पाऊण ते एक तास रिफ्लक्स करावा, म्हणजे वाफ कंडेन्सरमध्ये थंड होऊन परत चंबूत पडेल असे उकळत ठेवावे. बेंझॉइन आधी तळाशी पांढरट दिसते, काही मिनिटांत नाहीसे होते आणि गडद तपकिरी द्रावण राहते. रंगावरून अभिक्रिया कुठवर आली हे इथे ओळखता येत नाही, कारण लोहाचा रंग बाकी सगळे झाकतो. म्हणून अर्ध्या तासानंतर काचनळीने थेंबभर नमुना काढून, तो थोड्या इथिल ॲसिटेटमध्ये पाण्याबरोबर हलवून, वरच्या थराची टीएलसी (पातळ थरावरचे क्रोमॅटोग्राफी) घ्यावी. हेक्झेन आणि इथिल ॲसिटेट ८:२ प्रमाणात चालते. बेंझिलचा ठिपका वर जातो आणि बेंझॉइन त्याच्या हायड्रॉक्सिल गटामुळे सिलिकाला धरून खाली राहते. खालचा ठिपका आयोडीनच्या बरणीतही दिसेनासा झाला की उष्णता बंद करावी.

आता ५० मिलिलिटर पाणी घालून मिश्रणाला पुन्हा एक उकळी आणावी आणि ढवळत ढवळत थंड करावे. ढवळण्यावर जोर देण्याचे कारण असे की बेंझिलचा द्रवणांक ९५ अंश आहे. त्यामुळे ते गरम पाण्यातून आधी पिवळ्या तेलासारखे सुटते आणि मग घट्ट होते. न ढवळता तसेच ठेवले तर तेलाचा एकच गोळा तळाशी बसतो, त्याच्या पोटात लोह आणि आम्ल अडकते आणि मग तो कितीही धुतला तरी धुतला जात नाही. काचकांडीने सतत मोडत राहिल्यास वाळूसारखे पिवळे कण मिळतात. पूर्ण थंड झाल्यावर ब्यूकनर नरसाळ्यावर सक्शनने गाळावे.

सांगलीत एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या बॅचला ‘थंड करावे’ ही सूचना पाळणे सोपे नसते. छतावरच्या टाकीतून आलेले नळाचे पाणी त्या वेळी हाताला गरम लागते. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणून ती फोडून बादलीत ठेवावी, हा साधा उपाय. कंडेन्सरसाठी तेच बर्फाचे पाणी कूलरच्या छोट्या पंपाने फिरवले तर स्पिरिटच्या टप्प्यातही वाफ बाहेर जात नाही आणि नळही वाहता ठेवावा लागत नाही.

धुणे, आणि धुतल्याची खात्री

या टप्प्याला विद्यार्थी सर्वांत कमी वेळ देतात आणि मी सर्वांत जास्त द्यायला लावतो. गाळणीवरचे बेंझिल थंड पाण्याने निदान तीनदा धुवावे. प्रत्येक वेळी सक्शन बंद करून, पाण्यात कण कालवून, मग पुन्हा ओढावे. नुसते वरून पाणी ओतले तर ते एकाच चिरेतून निघून जाते. शेवटच्या धुवणाचे काही थेंब परीक्षानळीत घेऊन त्यात पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाकावा. लाल रंग आला तर फेरिक लोह अजून आहे, म्हणून पुन्हा धुवावे. रंग न येईपर्यंत पुढे जाऊ नये.

लोहाची एवढी धास्ती का, याचे उत्तर पुढच्या अभिकारकात आहे. ऑर्थो-फिनिलीनडायअमाइनला फेरिक क्लोराइड भेटले की त्याचे दोन रेणू ऑक्सिडीकरणाने एकमेकांना जोडले जाऊन २,३-डायअमिनोफिनाझिन हे नारिंगी-लाल संयुग तयार होते. तीही वलयनिर्मितीच आहे, आणि ऑक्सिडीकरणातून झालेली आहे, फक्त आपल्याला नको असलेली. हा मुद्दा प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर परीक्षानळीत डायअमाइनचे सौम्य द्रावण घेऊन त्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाकावेत. लगेच चढणारा रंग पाहिला की धुण्याचा कंटाळा पुन्हा कुणी करत नाही.

लोह गेले तरी दुसरी शंका उरते : बेंझॉइन सगळे संपले का? टीएलसीपेक्षाही मला इथे एक जुनी, हातावरची चाचणी अधिक आवडते. कच्च्या बेंझिलचा मोहरीएवढाही नको इतका लहान कण अर्ध्या मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवून त्यात १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकावा. बेंझॉइन शिल्लक असेल तर थोड्याच वेळात जांभळट रंग उमटतो. दोन-तीन मिनिटांत रंग आला नाही तर नमुना स्वच्छ समजावा. नंतर त्याच नळीत मुद्दाम बेंझॉइनचा कण टाकून रंग आणावा, बूच लावून नळी जोरात हलवावी आणि रंग क्षणभर जाऊन पुन्हा येताना पाहावा. हलवताना हवेतला ऑक्सिजन द्रावणात मिसळतो म्हणून रंग उडतो, आणि स्थिर ठेवल्यावर तो परततो. ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांची ये-जा इतक्या कमी खर्चात दाखवणारे प्रात्यक्षिक मला दुसरे माहीत नाही.

बेंझिलचे पुनर्स्फटिकीकरण गरम रेक्टिफाइड स्पिरिटमधून करावे. स्पिरिट बाथवर तापवावे, उघड्या ज्योतीवर कधीही नको. साखर कारखान्यांच्या आसवन्या जवळ असूनही प्रयोगशाळेला स्पिरिटसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतोच, आणि वर्षाचा कोटा फेब्रुवारीत संपत आलेला असतो. अशा वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले तरी स्फटिक चांगले येतात. सावकाश थंड केल्यास लांब, पिवळे, चकाकणारे स्फटिक मिळतात. सैद्धांतिक उत्पादन २.१० ग्रॅम आहे. कच्च्या बेंझिलचे वजन त्याहून जास्त भरले तर ते ओले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वलय जुळवणे

ऑर्थो-फिनिलीनडायअमाइन त्वचेतून शोषले जाते, विषारी आहे आणि कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. म्हणून हातमोजे घालूनच वजन करावे आणि भुकटी उडू देऊ नये. बाटलीतला पदार्थ फिकट असेल तर तसाच वापरावा. हवेने तो तपकिरी किंवा जांभळट-काळा झालेला असेल तर गरम पाण्यात चिमूटभर सोडियम डायथायोनाइट आणि थोडा सक्रिय कोळसा घालून, गरम गाळून, थंड करून शुद्ध करून घ्यावा. डायथायोनाइट क्षपणकारक असल्याने शुद्धीकरण चालू असताना नवे ऑक्सिडीकरण होऊ देत नाही. शुद्ध डायअमाइनचा द्रवणांक १०२ ते १०४ अंश असतो.

१.०५ ग्रॅम बेंझिल ४ मिलिलिटर कोमट स्पिरिटमध्ये आणि ०.५४ ग्रॅम डायअमाइन दुसऱ्या ४ मिलिलिटर स्पिरिटमध्ये विरघळवावे. दोन्ही ५ मिलिमोल आहेत. द्रावणे एकत्र करून कंडेन्सरखाली पाण्याच्या बाथवर अर्धा तास गरम करावे. बेंझिलचा पिवळेपणा हळूहळू उतरत जातो, आणि हे डोळ्यांनी दिसणारे लक्षण इथे विश्वासार्ह आहे, कारण आता झाकणारे लोह नाही. एका अमाइनने एका कार्बोनिलशी संघनन केले (पाणी बाहेर टाकून ते जोडले गेले) की दुसरे अमाइन दुसऱ्या कार्बोनिलच्या अगदी शेजारी येऊन उभे राहते, सहा अणूंचे वलय बंद व्हायला त्याला दूर जावे लागत नाही, आणि बंद झालेले वलय ॲरोमॅटिक असल्याने परत उघडत नाही. म्हणूनच या टप्प्याला ना तीव्र आम्ल लागते ना उच्च तापमान. ॲसेटिक आम्लाचा एखादा थेंब अभिक्रिया वेगवान करतो. जास्त आम्ल घातले तर अमाइनच प्रोटॉन घेऊन निष्क्रिय होते.

अर्ध्या तासानंतर गरम द्रावणात थेंबाथेंबाने पाणी घालत जावे आणि गढूळपणा टिकू लागला की थांबून थंड होऊ द्यावे. मिळालेले पांढरट ते मलईसारख्या रंगाचे स्फटिक गाळून, पाणीमिश्रित स्पिरिटमधून पुन्हा स्फटिकरूप करावे. सैद्धांतिक उत्पादन १.४१ ग्रॅम आहे, पुनर्स्फटिकीकरणानंतर निम्म्याच्या आसपास हाती आले तरी प्रयोग ठीक झाला असे समजावे. स्फटिक तपकिरी असतील तर डायअमाइन हवेने बिघडलेले होते. नारिंगी झाक असेल तर लोहाची चाचणी कुणीतरी टाळली आहे.

द्रवणांक आणि थर्मामीटर

२,३-डायफिनाइलक्विनॉक्झालिनचा द्रवणांक १२५ ते १२६ अंश आहे. तो १२० च्या खाली आणि लांबलचक पट्ट्यात आला तर बेंझिल शिल्लक राहिल्याची शंका घ्यावी. पण त्याआधी थर्मामीटरकडे पाहावे. उकळत्या पाण्यात बुडवून थर्मामीटर १०० दाखवतो का, असे तपासण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती समुद्रकाठच्या गावासाठी बरोबर आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, तिथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. साताऱ्यात ते आणखी अर्ध्या अंशाने खाली येते आणि महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटर उंचीवर, ९५-९६ अंशांवरच उकळी येते. तेव्हा ९८ दाखवणारा सांगलीतला थर्मामीटर चुकीचा नाही. त्याला दोन अंशांची दुरुस्ती लावणारा विद्यार्थी सगळेच द्रवणांक दोनने वाढवून लिहील. खात्री करायची असेल तर वितळणाऱ्या बर्फाचे शून्य आणि शुद्ध बेंझोइक आम्लाचे १२२ अंश हे दोन बिंदू वापरावेत. दुसरा आपल्या संयुगाच्या अगदी शेजारचा असल्याने जास्त उपयोगी आहे.

आयआर (अवरक्त वर्णपट) उपलब्ध असेल तर बेंझॉइनचा ३४०० च्या आसपासचा हायड्रॉक्सिलचा पट्टा बेंझिलमध्ये गेलेला असावा, आणि बेंझिलचा १६६० च्या आसपासचा कार्बोनिलचा पट्टा क्विनॉक्झालिनमध्ये नसावा. एवढे दोन अभाव दाखवता आले तरी जर्नलसाठी (प्रयोगवहीसाठी) पुरेसे आहे.

आधी वलय, मग ऑक्सिडीकरण

वरचा क्रम सोडून उलट्या क्रमाने चालणारे उदाहरण शेजारी ठेवले तर हिशेबाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. त्याच डायअमाइनशी बेंझिलऐवजी बेंझाल्डिहाइड घेतले तर पाच अणूंचे वलय जुळते, पण पाण्याचा एकच रेणू बाहेर पडतो आणि जे मिळते ते २-फिनाइलबेंझिमिडाझोल नसून त्याहून दोन हायड्रोजन जास्त असलेले बेंझिमिडाझोलिन असते. म्हणजे इथे ऑक्सिडीकारक हवा, आणि तो वलय जुळल्यानंतर हवा. हवेतला ऑक्सिजन हे काम करतो, मात्र सावकाश. म्हणून बेंझाल्डिहाइड आधी सोडियम मेटाबायसल्फाइटशी जोडून त्याचे संयोजन (तात्पुरते जोडसंयुग) करून घेतात आणि मग डायअमाइनबरोबर तापवतात. संयोजनातून ॲल्डिहाइड थोडे थोडे सुटत राहते, आणि ते थोडे थोडे सुटणे फार मोलाचे आहे.

कारण ॲल्डिहाइड एकदम आणि जास्त प्रमाणात घातले, आणि ऑक्सिडीकारक वेळेवर हजर नसला, तर डायअमाइनची दोन्ही टोके दोन वेगवेगळ्या ॲल्डिहाइडशी संघनन करतात, रेणूच्या आतच हायड्राइड एका कार्बनवरून दुसऱ्यावर सरकते आणि १-बेंझिल-२-फिनाइलबेंझिमिडाझोल तयार होते (इथले ‘बेंझिल’ म्हणजे benzyl हा गट, आपण वर बनवलेले benzil नव्हे). एका कार्बनचे ऑक्सिडीकरण आणि दुसऱ्याचे क्षपण, असा रेणूने घरातल्या घरात हिशेब मिटवलेला असतो. हे झाले आहे का, ते द्रवणांक लगेच सांगतो : २-फिनाइलबेंझिमिडाझोल २९० अंशांच्या आसपास वितळते, तर हा उपपदार्थ १३० च्या थोडा वर. तेलाच्या बाथचा साधा द्रवणांकमापक २९० पर्यंत नेऊ नये, तेल धुमसू लागते. १५० पर्यंत नमुना जसाच्या तसा राहिला एवढे पाहून थांबावे आणि उरलेली खात्री टीएलसीवर करावी.

सांडपाण्याबद्दल : गाळल्यावर उरलेले लोहाचे आम्लयुक्त द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. त्यात विरवलेल्या चुन्याची निवळी नव्हे तर घट्ट कालवण घालून आम्ल मारावे, दोन दिवसांत हिरवट साका हवेने तपकिरी होऊन बसतो, तो वेगळा वाळवून ठेवावा. डायअमाइनचा अंश असलेले स्पिरिट मात्र चुन्याच्या पिंपात न टाकता सेंद्रिय टाकाऊच्या झाकणाच्या कॅनमध्येच जमा करावे आणि कॅनवर त्यातल्या पदार्थाचे नाव व तारीख लिहावी.